अर्ज पाठवल्यावर चूक दिसली तर

परदेशातल्या एमएससाठी अर्ज पाठवला आणि नंतर निबंधात एखादं स्पेलिंग चुकलेलं दिसलं, तर तेवढ्यासाठी विद्यापीठाला ईमेल करू नका. निवड करणारे प्राध्यापक गुण, शिफारसपत्रं आणि तुम्ही केलेलं काम बघतात. राहून गेलेल्या स्वल्पविरामापायी बडोद्यातली आपली मुलं रात्र रात्र जागतात, ते बघवत नाही.

काळजी करायचीच तर नावाची करा. आपल्याकडे मार्कशीटवर बहुतेक वेळा आधी आडनाव, मग स्वतःचं नाव आणि शेवटी वडिलांचं नाव असतं. पासपोर्टात मात्र आडनावाचा रकाना वेगळा. अर्जात आणि टोफेल-जीआरईच्या नोंदणीत पासपोर्टाप्रमाणेच नाव लिहा, नाहीतर परीक्षेचे गुण तुमच्या अर्जाला जोडताना घोळ होतो. सीजीपीए 10 पैकी असेल तर तसाच भरा. विद्यापीठाने सांगितल्याशिवाय तो 4 पैकी करत बसू नका.

गुण चुकीचे भरले, भलतीच फाइल जोडली, किंवा निबंधात दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं, तर मात्र लगेच कळवा. अर्ज क्रमांक, काय चुकलं, बरोबर काय, सोबत योग्य फाइल. चार ओळी पुरेत, लांबलचक माफीनामा नको. ईमेल एकदाच करा आणि उत्तरासाठी थोडे दिवस थांबा.

मुदत उलटायच्या आत कळवलेलं बरं. न्यूयॉर्कच्या वेळेने 15 डिसेंबरच्या रात्री 11.59 ची मुदत म्हणजे आपल्याकडे 16 तारखेची सकाळ, 10.29.