बाळाला मोठ्या कार सीटमध्ये कधी बसवावं?

पहिला वाढदिवस झाला की बहुतेक घरांत हा प्रश्न निघतो. पाय सीटच्या पाठीला टेकायला लागलेले असतात, गाडीत रडारड होते, आजी म्हणते, ‘अगं, त्याला बाहेरचं काही दिसत नाही, पुढे तोंड करून बसव की.’ यातलं प्रत्येक वाक्य मायेपोटी आलेलं असतं, पण त्यातल्या एकाही कारणासाठी सीट बदलू नये. सीट बदलायची ती लहान पडली म्हणून. ती लहान पडली का, हे घरच्या घरी दहा मिनिटांत तपासता येतं.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. मोठी सीट घेणं आणि बाळाचं तोंड पुढे फिरवणं हे दोन निर्णय आहेत. आपण ते एकत्रच घेतो आणि तिथेच चूक होते. पहिली सीट लहान पडली तरी पुढच्या मोठ्या सीटमध्येही बाळ मागे तोंड करूनच, म्हणजे गाडीच्या मागच्या काचेकडे बघत, बसू शकतं. बहुतेकदा त्यानं तसंच बसायला हवं.

याचं कारण बाळाच्या मानेत आहे. डोकं शरीराच्या मानानं मोठं आणि जड असतं, मानेच्या मणक्यांचे भाग अजून हाडानं नव्हे तर कूर्चेनं जोडलेले असतात. पुढून धडक बसली आणि बाळाचं तोंड पुढे असेल, तर पट्टे धड धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर पाठ, मान आणि डोकं एकत्रच सीटच्या कवचात दाबलं जातं आणि तो जोर संपूर्ण पाठीवर वाटला जातो. स्वीडनमधले प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांना १९६०च्या दशकात ही कल्पना सुचली ती अमेरिकेच्या जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या पाठीवर रेलून बसायच्या आसनांवरून. स्वीडनमध्ये मुलांना चौथ्या वर्षापर्यंत मागे तोंड करून बसवण्याची पद्धत तेव्हापासून रुजली.

१. सीटवरचं लेबल शोधा

सीटच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला एक स्टिकर असतो. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच सीटवर युरोपचं आर४४ हे मानक दिसतं. त्यात मर्यादा वजनावर असते, उदाहरणार्थ ०–१३ किलो किंवा ०–१८ किलो. नव्या आर१२९ मानकाच्या, म्हणजे आय-साइझ सीटवर मर्यादा मुख्यतः उंचीवर असते, जसं ४०–८७ सेंमी. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत त्याचं तोंड पुढे करू नये, असं आर१२९ स्पष्ट सांगतं. भारताचं स्वतःचं मानक एआयएस-०७२ आहे.

कुणी अमेरिकेहून सीट आणली असेल तर मर्यादा पौंडात लिहिलेली असते. ४० पौंड म्हणजे साधारण १८ किलो. त्या सीटबाबत आणखी एक काळजी घ्या. तिकडच्या गाड्यांचे पट्टे पूर्ण ओढले की आपोआप लॉक होतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत ती सोय नसते. सीटला स्वतःचा पट्टा-लॉक आहे का ते पुस्तिकेत बघा. नसेल तर ती सीट आपल्या गाडीत घट्ट बसणार नाही.

२. वजन आणि उंची घ्या

घरात वजनकाटा असेल तर बाळाला कडेवर घेऊन उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. उंचीसाठी बाळाला भिंतीशी डोकं टेकवून निजवा, पाय सरळ करा आणि टाचेपाशी खूण करा. लसीकरणाच्या कार्डावर मागच्या महिन्यांची नोंद असेलच, तिच्याशी ताडून बघा.

अंदाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यातले मधले आकडे देते. एक वर्षाचा मुलगा सुमारे ९.६ किलो आणि ७६ सेंमी, मुलगी ८.९ किलो आणि ७४ सेंमी. १३ किलोचा टप्पा बरीच मुलं अडीच वर्षांच्या आसपास गाठतात.

३. सीटमध्ये बसवून डोकं बघा

वजन मर्यादेत असूनही सीट लहान पडू शकते. दोन मुलांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब असतं आणि सीटला धडाशी काम असतं. म्हणून बाळाला नेहमीसारखं पट्टे लावून बसवा आणि डोक्यावर एक पातळ पुस्तक आडवं धरा. पुस्तक कवचाच्या वरच्या कडेच्या खाली राहिलं तर अजून जागा आहे. डोकं कडेच्या वर गेलं तर त्याच दिवशी सीट बाद समजा, मग वजन कितीही कमी असो. अमेरिकन सीटच्या पुस्तिकांत बहुधा डोक्याच्या वर एक इंच मोकळं ठेवायला सांगितलेलं असतं. आपल्या पुस्तिकेत जे असेल ते पाळा.

खांद्याचे पट्टेही बघा. तोंड मागे असताना ते खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यायला हवेत, कारण धडकेत बाळ कवचावरून वर सरकू पाहतं. पुढे तोंड असेल तेव्हा याच्या उलट, खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून.

पायांचं मात्र सोडून द्या. पाय दुमडले, वर आले, पाठीला टेकले, सगळं चालतं. जमिनीवर बसतानाही मुलं पाय दुमडूनच बसतात की.

९ किलोची गल्लत

यावर जरा थांबते, कारण दुकानदारही इथे चुकीचं सांगतात. आपल्याकडे खपणाऱ्या अनेक सीट ०–१८ किलोच्या, दोन्ही बाजूंनी बसवता येणाऱ्या असतात. त्यांच्या डब्यावर ‘मागे तोंड: ०–१३ किलो, पुढे तोंड: ९–१८ किलो’ असं लिहिलेलं असतं. लोक ९ वाचतात आणि बाळ ९ किलोचं झालं की सीट फिरवतात. अनेक बाळं तर वर्षाची व्हायच्या आतच ९ किलो ओलांडतात. ९ हा आकडा ‘याआधी अजिबात नाही’ असं सांगतो, ‘आता फिरवा’ असं नाही. ९ ते १३ किलोंच्या मधे दोन्ही बाजू चालतात, आणि चालत असताना मागचीच निवडा. १३ किलो होईपर्यंत किंवा डोकं कडेला लागेपर्यंत, जे आधी होईल तोवर. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं २०१८मध्ये आपल्या शिफारशीतली दोन वर्षांची अट काढली आणि सीटची मर्यादा संपेपर्यंत मागेच तोंड ठेवा, असं सांगितलं.

४. नवी सीट गाडी सोबत नेऊन निवडा

दांडा धरून उचलायची पहिली टोपलीसारखी सीट लहान पडली की दोन्ही बाजूंची मोठी सीट घ्या. मागे तोंड करून जास्तीत जास्त वजनापर्यंत किंवा उंचीपर्यंत चालणारी मिळाली तर उत्तम. छोट्या हॅचबॅकमध्ये ती पुढच्या सीटला अडते. मग पुढच्या माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागतात, म्हणून दुकानाबाहेर गाडीतच लावून बघा. ऑनलाइन घेत असाल तर परत करायची मुदत आधी वाचा. गाडीत आयसोफिक्सच्या, म्हणजे पट्ट्याशिवाय सीट अडकवायच्या धातूच्या कड्या आहेत का, हे मागच्या सीटच्या फटीत हात घालून बघा. नसतील तर गाडीच्या तीन टोकी (कमरेवरून आणि खांद्यावरून जाणाऱ्या) पट्ट्यानं बसणारी सीट घ्या. मागे मधल्या जागेला काही गाड्यांत फक्त कमरेचा पट्टा असतो, तिथे ती लावू नका.

लावून झाल्यावर पट्टा जातो तिथे सीटला धरून हलवा. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाचं डोकं छातीवर पडत असेल तर कोन बदला. जाड स्वेटर काढा, पट्टे आवळा. खांद्याजवळ पट्टा चिमटीत धरता आला तर अजून ढिला आहे. आणि एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंडाची सीट कधीही लावू नका. एअरबॅग फुगताना थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

घरच्यांना काय सांगायचं?

‘मी मांडीवर घेते’ हे सगळ्यात अवघड वाक्य. आकडाच सांगा. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी धडकेत एक दशांश सेकंदात थांबली, तर दहा किलोचं बाळ हातातून सुमारे दीडशे किलोच्या जोरानं ओढलं जातं. समृद्धी महामार्गावर तर कारची वेगमर्यादाच १२० आहे. कायद्याचाही आधार आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा बालआसनाशिवाय बसवलं तर १००० रुपये दंड होतो. बाळ दिसत नाही ही आजीची तक्रार असेल तर मागच्या हेडरेस्टला बांधायचा छोटा आरसा मिळतो, तो लावा.

पुढचे टप्पे थोडक्यात: तोंड पुढे झाल्यावर पट्ट्यांची सीट साधारण १८ किलोंपर्यंत, मग बूस्टर, म्हणजे गाडीचा पट्टा नीट बसावा म्हणून मुलाला उंच करणारं आसन, आणि उंची दीड मीटरच्या आसपास गेली की गाडीचा नुसता पट्टा.

जुनी सीट धाकट्या भावंडासाठी ठेवायची असेल तर तिच्यावरची बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत बघा. दुसऱ्यांना देताना पुस्तिकाही द्या. मोठ्या धडकेतून गेलेली सीट कुणालाच देऊ नका. बाहेरून धड दिसली तरी कवचाला आत तडा असू शकतो. तिचे पट्टे कात्रीने कापा आणि मगच भंगारात टाका, म्हणजे ती कुणी उचलून दुसऱ्या बाळासाठी वापरणार नाही.