बाइरो आल्तोला जाण्याआधी बूट उलटा करून बघा

लिस्बनच्या बाइरो आल्तोत एक दुपार आणि एक रात्र काढायची असेल, तर तयारीची निम्मी यादी कुणीही सांगेल. पासपोर्ट, व्हिसा, विमा, चार्जर. ते तुमचं तुम्ही बघा. गेल्या खेपेला ते सगळं बिनचूक होतं आणि गुळगुळीत तळाच्या चामडी चपलेनं वाट लावली, म्हणून ही यादी पायापासून सुरू होते.

तिथल्या फुटपाथांवर फरशी नसते, ‘काल्सादा’ असते. चुनखडकाचे पाच-सहा सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे, हातोडीनं घडवून हातानं बसवलेले. वर्षानुवर्षं लाखो पाय घासून त्यांना मेणचट चकाकी आलेली असते. कोरड्या दिवशीसुद्धा उतारावर पाय सरकतो. पावसाची भुरभुर झाली किंवा कुणाची बिअर सांडली की काचेवर साबण ओतल्यासारखं. आणि बाइरो आल्तो म्हणजे ‘उंचावरची वस्ती’, त्यामुळे कुठूनही या, चढ-उतार ठरलेला. कोल्हापुरी नको. ऑफिसचे चामडी सोलचे बूटही नकोत. टोकदार टाच तर दोन दगडांच्या फटीत अडकते आणि घोटा मुरगळतो. ट्रेकिंगचे जाडजूड बूट ‘पकड चांगली’ म्हणून नेऊ नका: त्यांची टणक खडबडीत नक्षी चिखलासाठी असते, घोटीव दगडावर तिचे मोजकेच उंचवटे टेकतात. हवा मऊ रबराचा सपाट सोल, त्यात बारीक चिरा. सोलमध्ये अंगठ्याचं नख दाबून बघा. नख जरासं रुतलं तर बरं, टकटक वाजलं तर दुसरा जोड काढा. मग न्हाणीघरातल्या लादीवर पाणी ओतून, भिंतीला हात टेकून, एक पाय पुढे रेटून बघा. घरात जो घसरला तो तिथं घसरणारच. नवा जोड घेतलात तर निदान दोन आठवडे वापरून मग न्या.

आता वेळ. सकाळी दहाला तिथं जाऊन काही मिळत नाही. शटर बंद, रस्ते नुकते धुतलेले आणि (पुन्हा तेच) ओले. ही वस्ती उशिरा उठणारी. १५१३ पासून वसत गेलेल्या या काटकोनी गल्ल्यांत पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या आणि छापखाने आले; एका गल्लीचं नावच रुआ दो दियारियो द नोतिसियास, म्हणजे तिथल्या वर्तमानपत्राचं. १९८२ साली रुआ दा आतालायावर ‘फ्राजिल’ नावाचा बार उघडला आणि कलाकार, फॅशनवाले, रात्र जागवणारे सगळे इकडे वळले. त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या शियादोपासून सुरुवात करा. तिथं रुआ गारेत्तवर १७३२ पासूनचं बेर्त्राँ पुस्तकांचं दुकान आहे आणि रुआ दो कार्मोवर लुव्हारिया उलीसेस हे १९२५ चं हातमोज्यांचं दुकान, इतकं चिंचोळं की दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं. संध्याकाळकडे वर सरकून रुआ दो नोर्ते आणि रुआ दा रोझाची छोटी कपड्यांची दुकानं बघा. शनिवार असेल तर रुआ आन्शिएतावर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. रविवारी छोटी दुकानं बरीचशी बंद, तेव्हा खरेदीसाठी तो दिवस धरू नका.

जुन्या रंगीत टाइल्स सुट्या विकायला दिसतील. त्यांतल्या काही जुन्या घरांच्या भिंतींवरून उखडून चोरलेल्या असतात. पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या, नाहीतर नवीन बनावटीच्या घ्या. बुचाच्या सालीच्या वस्तू हलक्या आणि बॅगेत न फुटणाऱ्या, त्या घ्या. एकाच दुकानात करावगळून ५० युरोंहून जास्त खरेदी होत असेल तर पासपोर्ट दाखवून करपरताव्याचा कागद तिथंच मागून घ्या. नंतर मिळत नाही.

वर चढायचं कसं, हे आधी ठरवून ठेवा. बायशा-शियादो मेट्रो स्टेशनला दोन तोंडं आहेत, एक खाली बायशात आणि एक वर शियादोत. शियादोकडच्या दारानं निघा, निम्मा डोंगर सरकते जिने चढवतात. चुकून खालच्या दारानं निघालात तर तोच डोंगर आपल्या पायांनी. जुन्या प्रवासपुस्तकांतला ‘ग्लोरियाच्या केबल-गाडीनं वर जा’ हा सल्ला खोडून टाका. ३ सप्टेंबर २०२५ च्या अपघातात तिथं १६ माणसं गेली. २८ नंबरची ट्राम कामोइंश चौकातून जाते खरी, पण तिच्या गर्दीत खिसे कापले जातात. मागच्या खिशात काही ठेवू नका. आणि ट्रामच्या रुळावर पाय देऊ नका, ओलांडा. ओलं लोखंड दगडापेक्षा वाईट, तिथं चांगला रबरी सोलही हात टेकतो.

पैसे: कार्ड चालतं, पण छोट्या बारमध्ये परदेशी कार्ड नाकारलं जाऊ शकतं, म्हणून वीस-तीस युरो सुटे ठेवा. एटीएम बँकेला लागून असलेलं बघा. यंत्रानं ‘रुपयांत हिशेब करू का’ विचारलं तर नाही म्हणा. त्या दरात मार बसतो.

खाण्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शाकाहारी लोक इथं फसतात. ‘मांस नको’ म्हटलं की मासा येतो. काल्दो व्हेर्द नावाचं हिरवं सूप पालेभाजीचं दिसतं, त्यात सॉसेजची चकती पोहत असते. ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसा, गोव्याच्या वाटेनं गेलेला, पण आत बहुधा खिमा. उलट ‘पेशिन्युश दा ओर्ता’, म्हणजे ‘बागेतले छोटे मासे’, हे नाव ऐकून दचकू नका: ती फरसबीची भजी आहेत. अख्ख्या शेंगा पिठात बुडवून तळलेल्या, कडेला पीठ फुलून कुरकुरीत आणि आत शेंग हिरवीगार. पिठात अंडं असू शकतं, विचारा. मेनूवर ‘बटाटा’ तसाच्या तसा सापडेल, पावही जवळपास तसाच. बसल्याबरोबर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. ते फुकट नाही. न मागितलेलं आणि हात न लावलेलं बिलात लावता येत नाही असा तिथला कायदा आहे, पण एक ऑलिव्ह तोंडात टाकलं की अख्खी वाटी तुमची. नको असेल तर लगेच परत द्या. लाजू नका.

जेवण आठाच्या सुमारास. फादो, म्हणजे तिथलं विरहाचं, हुरहुरीचं गाणं, ऐकायचा असेल तर जागा आधी सांगून ठेवा आणि किमान किती खर्च करावा लागतो ते दारातच विचारा, कारण गाणं ‘फुकट’ असलं तरी जेवण भरमसाट असू शकतं. ‘फादो व्हादियो’ म्हणजे हौशी गायकांचा, तो स्वस्त आणि पुष्कळदा जास्त जिवंत. दिवे मंदावले की गप्प बसायचं. काट्याचमच्याचा आवाजही नको, मधेच उठून जायचं नाही. भारतीय घोळके इथं हमखास टोमणे खातात.

बार दहानंतर भरतात. आत जागा नसते, लोक पेला घेऊन गल्लीत उभे राहतात. रात्री उशिरा बाहेर न्यायला मनाई केली तर हुज्जत नको, वर माणसं राहतात. लहान बिअर हवी तर ‘इंपेरियल’ म्हणा, २० सेंटिलिटर मिळते. समुद्राकडून वारा येतो, जुलैतही पातळ जाकीट लागतं. आणि आता त्या गल्लीत सांडलेल्या बिअरचा थर आहे, उतार आहे, अंधार आहे. बूट. अंधारात माणूस दगड बघत नाही, माणसं बघतो, आणि तिथंच घसरतो.

कोपऱ्यावर कुणी कुजबुजत चरस पुढे करेल. ते बहुतेक वेळा दाबलेला पाला असतं. २००१ पासून स्वतःपुरतं बाळगणं तिथं फौजदारी गुन्हा नाही, पण कायदेशीरही नाही, आणि विकणं गुन्हाच. ‘नाँव, ओब्रिगादो’ म्हणा (बाई असाल तर ‘ओब्रिगादा’) आणि चालू लागा.

परतणं: मेट्रो रात्री एकला बंद, बार दोनला, शुक्र-शनिवारी तीनला. मधलं गणित आधी करा. टॅक्सी आतल्या गल्ल्यांत येत नाही. ॲपवर कामोइंश चौक टाका. नाहीतर रुआ दो आलेक्रिमनं सरळ खाली नदीकाठच्या काइश दो सोद्रे स्थानकाकडे, रात्रीच्या बस तिथून. तो रस्ता उताराचाच, भिंतीच्या कडेनं, लहान पावलं. मुक्काम रुआ दा आतालायावर घेऊ नका, झोप येणार नाही. १२ जूनच्या रात्री सांतो आंतोनियोचा उत्सव, तेव्हा खोली काही महिने आधी.

बाकी पाण्याची बाटली, पायाला पट्टी, हॉटेलचा पत्ता कागदावर. आणि तो रबरी सोलचा जोड बॅगेत भरू नका, पायात घालूनच विमानात बसा. सामान दोन दिवस उशिरा आलं तर पायात तेवढाच असेल.