बीमसमोर सिग्नल घसरला? लगेच व्होल्टेज वाढवू नका

नेरुळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत ट्रिपल जेम डिटेक्टर (गॅसमध्ये बारीक छिद्रांच्या तीन फॉइल लावून कण टिपणारं उपकरण) छान चालायचा. जोरदार बीमसमोर, म्हणजे वेगवान कणांच्या झोतासमोर, नेला तेव्हा मात्र सिग्नल खुजे झाले. मी घाईने एचव्ही (उच्च व्होल्टेज) वाढवलं आणि ठिणग्यांनी एक फॉइल गेली. कित्येक आठवड्यांची मेहनत होती ती.

गणित आधी करायला हवं होतं. फॉइलच्या वाटेत १० मेगाओहमचा संरक्षक रोध आहे आणि बीममुळे १ मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतोय, तर १० व्होल्ट त्या रोधातच जातात. पुरवठ्यावरचा आकडा तसाच दिसतो, फॉइलला मात्र कमी मिळतं. गेन, म्हणजे एका इलेक्ट्रॉनचे किती होतात ते प्रमाण, व्होल्टेजनुसार घातांकी बदलतो, म्हणून एवढी घटसुद्धा जाणवते. ती भरून काढायला व्होल्टेज चढवलं आणि बीम थांबला, की वाढवलेलं सगळं व्होल्टेज फॉइलवर येतं. पुढच्या स्पिलचे (बीमच्या पुढच्या हप्त्याचे) पहिले कण त्या चढ्या गेनलाच भेटतात. त्यात एखादा जड आयनीकरण करणारा कण आला आणि एका हिमस्खलनातले (साखळीने वाढत जाणारे) इलेक्ट्रॉन सुमारे १ कोटीवर गेले, की ठिणगी पडते. म्हणून प्रत्येक फॉइलचा प्रवाह बीम चालू आणि बंद असताना वेगवेगळा नोंदवा.

तारांच्या चेंबरमध्ये (फॉइलऐवजी बारीक तारा असलेल्या डिटेक्टरमध्ये) दुखणं वेगळं असतं. तिथे धन आयन इलेक्ट्रॉनांच्या साधारण हजारपट सावकाश सरकतात, तारेभोवती साचतात आणि क्षेत्र दुबळं करतात. व्होल्टेज वाढवलं तर आयन आणखी वाढतात. १९९७ साली फाबिओ साउली यांनी मांडलेल्या जेममध्ये बरेचसे आयन फॉइलच टिपते, म्हणून तो कणांचा कितीतरी जास्त दर पेलतो.

दर काढताना सरासरीवर विसंबू नका. १५ सेकंदांच्या चक्रात बीम ५ सेकंदच येत असेल, तर खरा दर सरासरीच्या तिप्पट. शिवाय बीमचा गाभा दाट असतो, तेव्हा हिशोब दर चौरस मिलिमीटरचा करा. किरणोत्सारी लोह-५५ च्या ५.९ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या क्ष-किरणांनी गेन कळतो, पण मंद स्रोतावरून जास्त दराची वागणूक कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण नळी वापरा.

आणि आपला पावसाळा! जुलैत खाडीकडची दमट हवा प्लास्टिकच्या नळीतून आत झिरपते. नळी तांब्याची किंवा स्टीलची घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं सिलिकॉन सीलंट गॅसच्या वाटेत कधीही नको. त्यातलं सिलिकॉन तारांवर थर धरतं आणि चेंबर अकाली म्हातारा होतो. तापमान आणि हवेचा दाब प्रत्येक रनबरोबर (मोजणीच्या फेरीबरोबर) लिहून ठेवा. गेन त्यांच्यामुळेही हलतो, आणि नोंद नसली की दोष बीमच्या माथी जातो.