साखळी टाका : दोरा ओढण्यातच सगळं आहे

आईने मला पहिल्यांदा शिकवला तो साखळी टाका, उशीच्या अभ्र्यावर. आजही कुणी भरतकाम शिकायला आलं की मी त्यानेच सुरुवात करते.

सुती कापड रिंगमध्ये घट्ट बसवा. भरतकामाच्या लडीत 6 पदर असतात, त्यातले 3 घ्या. दोरा हातभरच, लांब घेतला की गुंता ठरलेला.

सुई खालून वर काढा. दोरा डाव्या अंगठ्याखाली दाबून धरा, सुई आली त्याच भोकात परत घाला आणि चार-पाच मिलिमीटर पुढे टोक वर काढा. दोरा टोकाखालून गेलेला हवा. हलकेच ओढा, कडी तयार. पुढचा टाका या कडीच्या आतून, दोरा निघालाय तिथूनच.

खरी गोम ओढण्यात आहे. जोर लावलात तर कडी मिटते, कापडाला चुण्या पडतात. कडी तांदळाच्या दाण्यासारखी पोटात फुगीर दिसली पाहिजे. माझी पहिली वेल या चुण्यांमुळे सगळी उसवावी लागली होती. वळणावर टाके लहान घ्या.

शेवटच्या कडीबाहेर बारीक टाका घालून ती अडकवा, दोरा मागच्या दोन-तीन टाक्यांत ओवून कापा. गाठ नको, इस्त्री केली की ती वर उमटते.