खुर्च्या नका मोजू, देवघेव बघा

ग्रंथालय प्रशिक्षणात वर्गीकरण शिकवतात, आलेल्या पुस्तकांची दाखल नोंदवही भरायला शिकवतात. पण वक्त्याची एसटी घाटात बंद पडली तर जमलेल्या लोकांचं काय करायचं, ते तालुक्याच्या वाचनालयात रुजू झाल्यावरच कळतं.

शासनमान्य वाचनालयात कार्यक्रमांचं वर्ष आधीच आखलेलं असतं. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. प्रत्येकाचे फोटो, सह्या आणि अहवाल त्याच दिवशी फाइलला लावा; तपासणीच्या आदल्या रात्री शोधत बसाल तर सापडणार नाहीत. पण फाइल जाड झाली म्हणजे कार्यक्रम झाला असं नाही. शाळेने रांगेत आणून बसवलेली शंभर मुलं फोटोत छान दिसतात. त्यातली किती पुढच्या आठवड्यात पुस्तक बदलायला आली, ते देवघेवीच्या नोंदीत बघा. मी तरी कार्यक्रम तिथेच तोलते.

बालविभाग हे सगळ्यात समाधानाचं काम, आणि सगळ्यात दमवणारंही. मे महिन्यात बसायला सतरंजी पुरत नाही. जूनमध्ये शाळा आणि शिकवण्या सुरू झाल्या की शनिवारच्या गोष्टीला चार मुलं उरतात. कार्यकारी मंडळ म्हणेल, बंद करा. करू नका. वार आणि वेळ पक्की राहिली तर गणपतीनंतर मुलं परत येतात, कारण आयांना तो शनिवार ठाऊक झालेला असतो. गोष्ट अर्ध्यावर थांबवायची आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचं, ही युक्ती हमखास चालते. मात्र एकच प्रत असेल तर भांडणं होतात. शेजारच्या वाचनालयातून दोन-तीन प्रती आधीच मागवून ठेवा.

व्याख्यानाचं गणित वेगळं. सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय यात पाऊण तास जातो आणि वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगा उठायला लागतात. मंडळाशी गोड बोलून सत्कार शेवटी ठेवता आले तर ठेवा. मला दरवेळी जमलेलं नाही. तारीख ठरवण्याआधी अभ्यासिकेतल्या मुलांना विचारा. राज्यसेवेची परीक्षा तोंडावर असताना खाली माईक लावला की तक्रार येणारच, आणि ती रास्त असते.

पैशाचं सांगायचं तर परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवायला शासन देतं ते, हप्त्याने येतं आणि त्यातून पगार, वीजबिल, पुस्तकं भागवताना जीव मेटाकुटीला येतो. कार्यक्रमाचा खर्च त्यावर टाकू नका. आईवडिलांच्या स्मरणार्थ एखादं व्याख्यान देणारी कुटुंबं प्रत्येक गावात असतात. त्यांच्याकडे जायला लाजू नका.

सुरुवात करायची तर दिवाळी अंकांपासून करा. त्या दोन महिन्यांत वर्षभर न दिसलेले वर्गणीदारही दारात उभे असतात. डिसेंबरात एका संध्याकाळी त्यांनाच बोलवा आणि कुठला अंक आवडला, कुठला फसला, ते प्रत्येकी पाच मिनिटांत सांगायला लावा. खर्च चहाचा. निवृत्त गुरुजींना मात्र शेवटी बोलायला द्या, नाहीतर बाकीच्यांची पाळी येत नाही.