लाट दिसली म्हणून हुरळू नका

हृदयपेशीतल्या कॅल्शियमवर काम सुरू केलं, तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला लाट दिसली. फ्लुओ-४ हा कॅल्शियम वाढलं की उजळणारा रंग भरलेली, वेगळी केलेली पेशी कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली होती. तिचं एक टोक उजळलं आणि तो उजेड सरकत सरकत सेकंदभरात दुसऱ्या टोकाला पोचला. अशा डझनभर लाटा साठवून मी मोठ्या ऐटीत मीटिंगमध्ये दाखवल्या. मॅडमनी एवढंच विचारलं, "पेशी बऱ्या होत्या ना?"

नव्हत्या.

हे कळायला मला वेळ लागला, कारण मनात चित्रच चुकीचं होतं. मला वाटायचं, कॅल्शियम पेशीत एका बाजूनं शिरतं आणि पसरत जातं. निरोगी व्हेंट्रिकलच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, पेशीत तसं होत नाही. तिच्या आवरणाच्या नळ्या, म्हणजे टी-ट्यूब्यूल, साधारण दर २ मायक्रॉनवर आत गेलेल्या असतात. विद्युत संदेश त्यांतून सगळीकडे जवळपास एकदमच पोचतो. नळ्यांवरच्या एल-टाइप चॅनेल नावाच्या दारांतून थोडं कॅल्शियम आत येतं, समोरच्या रायनोडिन रिसेप्टरना, म्हणजे पेशीतल्या कॅल्शियमच्या साठ्यावरच्या दारांना, उघडतं आणि त्या साठ्यातून बरंच जास्त बाहेर पडतं. या दोन दारांमधली फट जेमतेम १५ नॅनोमीटरची. म्हणून लाइन-स्कॅनमध्ये, म्हणजे पेशीवरची एकच रेघ पुन्हा पुन्हा टिपून वेळेनुसार शेजारी शेजारी लावलेल्या चित्रात, सरळ उभी कड दिसायला हवी, तिरकी नव्हे. तिरकी रेघ म्हणजे लाट, आणि तिचा वेग सेकंदाला १०० मायक्रॉनच्या आसपास.

मग लाट येते कुठून? एखादा रिसेप्टरांचा पुंजका आपसूक उघडला की छोटा ठिपका चमकतो. १९९३ साली हे 'स्पार्क' पहिल्यांदा टिपले गेले. ओल्या सरपणावर ठिणगी पडावी तसे ते एरवी जागीच विझतात. शेजारच्या पुंजक्यापर्यंत पोचणारं कॅल्शियम त्याला उघडायला पुरत नाही. पण साठा ओसंडून वाहत असला, की सरपण वाळलेलं असतं. एक पेटतो, तो पुढच्याला पेटवतो. खऱ्या हृदयात अशा लाटांतून अवेळी ठोके पडू शकतात.

माझ्या पेशींचा साठा भरला तो माझ्याच घाईनं. एन्झाइमनं पेशी सुट्या करताना द्रावणात कॅल्शियम जवळपास नसतं. नंतर ते टप्प्याटप्प्यानं वाढवायचं असतं. मी दोन पायऱ्यांत १.८ मिलिमोलरवर नेलं होतं. आता पाच पायऱ्या घेते, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबते. कंटाळवाणं काम आहे, पण पर्याय नाही.

रेकॉर्डिंगआधी लेझर बंद ठेवून साध्या उजेडात पेशी नीट बघा. विटेसारखी चौकोनी, कडा धारदार, आडव्या रेघा स्पष्ट, आणि उत्तेजन न देता निवांत पडलेली हवी. फुगे आलेली, आपोआप आखडणारी सोडून द्या, प्लेटमध्ये तेवढीच उरली असली तरी. लेझरही शक्य तितका मंद ठेवा. जास्त उजेडानंही पेशी बिघडते आणि लाटा सुरू होतात.

एट्रियमच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या, पेशी घेतल्यात तर मात्र मी वर सांगितलेलं सगळं जपून वापरा. तिथं बऱ्याचदा टी-ट्यूब्यूल विरळ असतात. कॅल्शियम आधी कडेला वाढतं, मग मध्याकडे सरकतं. पेशीच्या रुंदीवर आडव्या घेतलेल्या स्कॅनमध्ये मधला भाग मागे पडलेला दिसतो, आणि तिथं तो आजार नसतो.