पर्वतीवरच थांबलो होतो

दीड वर्षापूर्वी माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारा आकडा, ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात. मग रोज सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या शंभरेक पायऱ्या, बिनसाखरेचा चहा, रात्री आठच्या आत जेवण. सहा महिन्यांत ७ किलो वजन उतरलं, आकडा ५.६ वर आला. ठरवलेलं झालं आणि मी तिथेच थांबलो. तीच पर्वती, तोच वेग. दम लागेनासा झाला, म्हणजे शरीराला नवं काही करावंच लागत नव्हतं.

मग एकदा आतकरवाडीहून सिंहगड चढलो. उतरताना गुडघे थरथरायला लागले. उतारावर मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असताना सगळं वजन तोलतात. ती ताकद मी कधी कमावलीच नव्हती.

आठवड्यातून दोन दिवस पर्वती सोडून ताकदीचा व्यायाम सुरू केला. आधी खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस. मग पायरीवर उभं राहून एक पाय तीन आकडे मोजत हळूहळू खाली टेकवायचा, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा. सोपं वाटू लागलं की पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याची एक बाटली वाढवायची. ताटातला भात निम्मा केला, मटकीची नाहीतर मुगाची उसळ रोज. रविवारी पूर्ण विश्रांती. ती टाळली की सोमवारी गुडघा दुखतोच.

तीन महिन्यांनी पुन्हा सिंहगड केला. खाली आल्यावर बसावंसंही वाटलं नाही. आता बायकोही सोबत येते. पावसाळा सरला की गुंजवण्याहून राजगड करायचाय.